दंडावरचा शुगर सेन्सर: १४ दिवसांचा म्हणून घेतला, ६ दिवस टिकला

मावशीने फॉरवर्ड पाठवला होता, इन्सुलिन बनवणाऱ्या जिवंत पेशी भरलेलं डिव्हाइस अंगावर लावायचं की सुया बंद. मला टाइप १ डायबिटीस, गेली ११ वर्षं दिवसाला इन्सुलिनच्या चार सुया, त्यामुळे लगेच डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले अगं अजून संशोधनातच आहे ते, पेशींना ऑक्सिजन भरपूर लागतो, तो त्या डबीत पोचवायचा आणि वर शरीराच्या प्रतिकारशक्तीपासून त्यांना लपवायचं, घोडं तिथेच अडलंय. अमेरिकेत २०२३ ला लँटिड्रा नावाचा पेशींचा उपचार मंजूर झाला पण त्यात दात्याच्या स्वादुपिंडातल्या पेशी लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत सोडतात, आणि मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत राहायची. तोवर हा लाव म्हणून सेन्सर लिहून दिला.

पाच हजाराच्या घरात गेला. लावताना टच्चकन होतं, बस. पण खरं सांगू, पैसे पहिल्या दोन दिवसांतच वसूल, कारण वडापाव बदनाम आहेच, पण मी इतकी वर्षं ज्याला साधा नाश्ता समजत होते त्या कांदेपोह्यांनी ११२ ची शुगर २३८ वर नेली!! आता पोहे अर्धे आणि सोबत उकडलेलं अंडं.

एक लक्षात ठेवा, हा रक्तातली नाही तर त्वचेखालच्या द्रवातली शुगर मोजतो, म्हणून थोडा मागे असतो. दादरचा ब्रिज धावत चढले, हात थरथरायला लागले आणि मोबाइल म्हणतो ९५, बोट टोचलं तर ६८. थरथर होत असेल तर आकड्यावर जाऊ नका, आधी टोचून बघा. रात्री त्याच कुशीवर झोपलात तर अजून मजा, सेन्सर दाबला जातो आणि उगाच लो दाखवतो. तीन वाजता अलार्म, ५४, आई साखरपाणी घेऊन उशाशी, आणि बोटातून बघितलं तर १२१. आई म्हणे केलंय तर पी आता. नाही प्यायले.

सहाव्या दिवशी लेडीज डब्यातून उतरताना कुणाच्यातरी पर्सचा पट्टा अडकला आणि सेन्सर गेला. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणतात तुटलेला सेन्सर परत पाठवा, बदलून द्यायचं बघू. अहो तो कर्जतला पोचला असेल एव्हाना.

दुसरा घेतलाय, वरून टेप आणि ट्रेनमध्ये ओढणी. ५ पैकी ३, एक स्टार कस्टमर केअरने खाल्ला, एक किमतीने.