घरचा प्रोजेक्टर, तीन ऋतू वापरल्यानंतर: ऑपरेटर आता आपणच

गेल्या दिवाळीत घेतलेल्या प्रोजेक्टरनं आता हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा काढलाय. आठवड्याला दोन-तीन पिक्चर, क्रिकेट, अधूनमधून नातवंडांची कार्टून्स असा वापर आहे. मशीन फुल एचडी, डीएलपी प्रकारचं (बारीक आरशांच्या चिपवरून चित्र पाडणारं), लॅम्पवालं. खोक्यावर ३००० अँसी लुमेन (ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड) लिहिलंय, किंमत साठ हजारांच्या आसपास पडली. पडदा १०० इंची, साधा मॅट पांढरा. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतली मशीनं एकमेकांच्या फार जवळची असतात, आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे. घरी प्रोजेक्टर आणला की थिएटरातल्या ऑपरेटरचं काम आपल्या अंगावर येतं. ते मनापासून केलं तर एवढ्या पैशात चकित करणारं चित्र मिळतं. नाही केलं तर भिंतीवर नुसता मोठा आणि फिका टीव्ही दिसतो.

घ्यायचं कारण आई. पुण्यात पेठेत वाढलेली, आठवड्याला एक पिक्चर बघणारी बाई. गुडघ्यांमुळे तिला आता बाल्कनीचे जिने चढवत नाहीत, मल्टिप्लेक्सचा गोंगाट सोसवत नाही आणि टीव्हीवर पिक्चर बघणं तिला पटत नाही. तिच्या ओळखीची थिएटरंही उरली नाहीत. १९१५ साली उभं राहिलेलं आर्यन कधीच गेलं. मंडईत आर्यन आणि मिनर्वा ही नावं आता महापालिकेच्या पार्किंगला आहेत. मंगलाचं मल्टिप्लेक्स झालं. १९३४ पासूनचं प्रभात आता किबे लक्ष्मी या नावानं चालतं, आणि ते चालू आहे याचं आम्हाला दोघांनाही फार समाधान आहे.

आता मुद्द्याचं. प्रोजेक्टर घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो लुमेनचा, आणि फसवणूकही तिथेच जास्त होते. ऑनलाइन दहा-पंधरा हजारांच्या मशीनवर ९००० लुमेन असं बिनदिक्कत छापलेलं असतं. पुढे अँसी किंवा आयएसओ लिहिलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. खरा हिशेब सोपा आहे. डिजिटल थिएटरसाठी पडद्यावरच्या उजेडाचं ठरलेलं माप १४ फूट-लॅम्बर्ट आहे, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्याच्या दर चौरस फुटाला १४ लुमेन. १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ३० चौरस फूट भरतं. दोन्हींचा गुणाकार केला तर ४२० लुमेन. म्हणजे खोली खरोखर काळोखी असेल तर पडद्यावर पडणारे ४२० खरे लुमेन थिएटरइतका उजेड देतात. ४० फूट रुंदीच्या मोठ्या पडद्याला त्याच हिशेबानं नऊ हजारांच्या वर लागतात, म्हणून तिथे झेनॉनचे ते राक्षसी दिवे. माझं मशीन सिनेमा मोडमध्ये आणि इको लॅम्पवर (दिवा मंद ठेवून) छापील आकड्यापेक्षा बरंच कमी देत असणार, तरी ते आम्हाला पुरून उरतं.

अट एकच, काळोख. पहिले काही आठवडे खिडक्यांना साधे पडदे लावून बघत होतो. चित्र स्वच्छ दिसायचं, पण रात्रीचे प्रसंग राखाडी. मग खिडक्यांना जाड ब्लॅकआउट पडदे शिवून घेतले आणि पडद्यापासून पुढे सहा फूट छताला गडद करडा मॅट रंग मारून घेतला. पांढऱ्या छतावरून उजेड परत पडद्यावर पडतो आणि चित्रातला काळा रंग फिका पडतो, हे कळायला यंत्र लागत नाही. छतापाशी काळं कापड धरून बघा, लगेच दिसतं. जेवढा फरक त्या रंगकामानं पडला, तेवढा मशीनवर आणखी वीस हजार खर्चूनही पडला नसता असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट चौकटीची, आणि यात मी जरा रमणार आहे. आपले बहुतेक मोठे हिंदी पिक्चर आणि आताचे बरेचसे मराठी पिक्चर स्कोप चौकटीत असतात, २.३९ ला १, म्हणजे रुंदी उंचीच्या २.३९ पट. घरचा पडदा १६ ला ९. माझ्या २२१ सेंटीमीटर रुंद पडद्यावर स्कोप चित्र साधारण ९२ सेंटीमीटर उंच येतं आणि वर-खाली १६-१६ सेंटीमीटरच्या पट्ट्या रिकाम्या राहतात. डीएलपीवर त्या काळ्या नसतात, करड्या असतात, आणि अंधाऱ्या प्रसंगात नजर सारखी तिकडेच जाते. जुन्या प्रभातच्या काळातल्या चौकोनी चौकटीला हीच अडचण डाव्या-उजव्या बाजूला, पंचवीस सेंटीमीटरची.

यावर उपाय सांगितला तो आमच्या भागात अजून चालू असलेल्या एका जुन्या थिएटरच्या ऑपरेटर काकांनी. इंटरव्हलला त्यांच्या परवानगीनं केबिनमध्ये गेलो होतो. जुनी दोन मशीनं कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेली, मधोमध डिजिटल प्रोजेक्टर आणि शेजारी सर्व्हर. मी विचारलं, "काका, रिळं गेली, आता तुम्हाला काम काय राहिलं?"

"रिळं गेली, पडदा आहे ना," ते म्हणाले. "या इकडे."

काचेतून त्यांनी दाखवलं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना जाड काळ्या कापडाच्या झडपा, मोटरवर सरकणाऱ्या. कमी रुंदीचं चित्र असलं की काका त्या आत आणतात, स्कोपला पूर्ण उघडतात. चित्राची कड कापडाला अचूक भिडली की चित्र जास्त उजळ आणि गडद वाटतं, दिव्यात काहीही बदल न करता. "अन् हाउसफुल्ल असलं की आवाज दोन पॉइंट वर घ्यायचा. माणसं आवाज खातात. मॉर्निंगला रिकाम्या हॉलमध्ये तोच आवाज कानात घुसतो." त्यासाठी ते दर शोला एकदा तरी खाली जाऊन स्टॉलच्या शेवटच्या रांगेत उभे राहतात. हे कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

प्रोजेक्टरच्या दिव्यात कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्या दिवसांचंही सांगितलं. दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा उजेड, कांड्या जळत जातील तसं अंतर वाढणार, म्हणून गडद काचेतून बघत मूठ फिरवत राहायची. हजार फुटी रिळ अकरा मिनिटं चालायचं. संपत आलं की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका उमटायचा. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला बदली. प्रेक्षकाला कळता कामा नये.

तर मी कापडगंजातून काळी मखमल आणली, हलक्या लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवली आणि मागे लोहचुंबक लावले. स्कोपला दोन पट्ट्या आडव्या, जुन्या पिक्चरला उभ्या. खर्च किरकोळ. पहिल्यांदा लावल्या तेव्हा आई आपणहून म्हणाली, "हां, आता कसं थेटरात बसल्यासारखं वाटतंय." तिला लुमेन आणि पिक्सेल यांच्याशी देणंघेणं नाही, पण पडद्याची कड तिला बरोबर कळते.

हालचालीबद्दल थोडक्यात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, आणि टीव्हीला लावायच्या बहुतेक स्टिक आणि बॉक्स ६० च्या गतीनं चित्र पाठवतात. २४ चा ६० ला नीट भाग जात नाही, म्हणून कॅमेरा सावकाश आडवा फिरला की चित्र अडखळतं. सेटिंगमध्ये फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. आणि मशीनमध्ये हालचाल गुळगुळीत करणारं काही असेल तर ते बंद करा, नाहीतर सगळे पिक्चर मालिकेसारखे दिसतात.

कीस्टोनपासूनही लांब राहा. मशीन वाकडं ठेवून बटणानं चित्र सरळ केलं की पिक्सेल वाया जातात आणि अक्षरांच्या कडा मऊ पडतात. माझ्या मशीनला १०० इंचांसाठी अकरा फूट लागतात. ते मोजून छताला मशीन टांगलं आणि कीस्टोन शून्यावर ठेवला. डीएलपीच्या फिरत्या रंगचक्रामुळे काहींना काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांना इंद्रधनुषी झालर दिसते. मला दिसत नाही, माझ्या भावाला दिसते आणि त्याचं डोकं दुखतं. घेण्याआधी घरातल्या सगळ्यांना दुकानात नेऊन दाखवा.

आवाज हा या मशीनचा सर्वात कच्चा भाग. आतला स्पीकर आपल्या डोक्यामागे वाजतो आणि माणूस समोर बोलतो. थिएटरच्या पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि स्पीकर त्याच्या मागे असतात, म्हणून संवाद थेट ओठांतून आल्यासारखा वाटतो. घरी मी दोन जुने स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना आणि एक बरोबर मध्ये खाली ठेवलाय. वायरनंच जोडा. ब्लूटूथवर आवाज मागे पडतो आणि एकदा ते जाणवलं की डोळ्यांसमोरून जात नाही.

आता माझी खरी तळमळ. यंत्र उत्तम झालं, त्यावर लावायचं काय? नव्या पिक्चरची अडचण नाही. ओटीटीवरचं फुल एचडी सेकंदाला साधारण ५ मेगाबिटचं, ब्ल्यू-रेमध्ये नुसतं चित्रच ४० पर्यंत जातं, आणि थिएटरच्या डिजिटल प्रतीला २५० पर्यंत मुभा आहे. धुकं, पाऊस, अंधार अशा प्रसंगांत ओटीटीचे चौकोनी डाग १०० इंचांवर दिसतात, पण ते चालवून घेता येतं. जुन्या मराठी पिक्चरचं काय? आईला हवे असलेले बहुतेक पिक्चर मिळतात ते व्हीसीडीवरून उतरवलेले. व्हीसीडीची चौकट ३५२ बाय २८८ ची, म्हणजे लाखभर पिक्सेल. माझ्या मशीनचे वीस लाखांच्या वर. विसातले १९ भाग मशीननं कल्पनेनं भरायचे! त्यात टीव्हीसाठी कडा कापलेल्या. स्कोप चित्र चौकोनी टीव्हीत भरायचं तर ४० टक्क्यांहून जास्त चित्र फेकावं लागतं, त्यामुळे दोन माणसांच्या संवादात एकाचं नुसतं नाक दिसतं.

व्हीसीडीला मी नावं ठेवणार नाही. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ ला डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा आमच्यासारख्या घरांत पहिल्यांदा स्वतःचा पिक्चरचा खण तयार झाला. पण ती बघण्याची प्रत होती, जपण्याची नाही, आणि आज अनेक पिक्चरच्या बाबतीत लोकांपर्यंत पोचणारी तीच एक प्रत उरलीय. पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. २००३ च्या जानेवारीत एफटीआयआयच्या (फिल्म इन्स्टिट्यूटच्या) आवारातल्या आगीत नायट्रेटच्या, चटकन पेट घेणाऱ्या जुन्या रिळांचा केवढा ठेवा जळाला ते आपण पाहिलंय. जे वाचलंय आणि ज्याचं डिजिटल रूप झालंय, ते चांगल्या दर्जात, पैसे घेऊन का होईना, घराघरात मिळायला हवं. मी पैसे मोजायला तयार आहे. माझ्यासारखे पुष्कळ असतील.

थिएटर सुटलं का? नाही. नवा मोठा पिक्चर मी अजून थिएटरातच बघतो, पण आता निवडून. हिवाळ्यात एका मल्टिप्लेक्समध्ये साडेतीनशे रुपये देऊन बसलो, तर चित्र घरच्यापेक्षा मंद आणि मधोमध उजळ, कडांना काळवंडलेलं. थ्रीडीसाठीच्या चंदेरी पडद्यावर साधं चित्र असं दिसतं, आणि दिवा म्हातारा झाला असेल तर विचारायलाच नको. तक्रार केली, तर सांगायला माणूस नव्हता. केबिनमध्ये कुणी बसतच नाही, सगळं वेळापत्रकावर आपोआप सुरू होतं. त्यापेक्षा काकांचं शंभर रुपयांचं तिकीट परवडलं, खुर्ची कडक असली तरी.

डिजिटलनं वाईटच केलं असंही मी म्हणणार नाही. २००५ नंतर उपग्रहावरून पिक्चर पोचू लागले तेव्हा तालुक्याच्या थिएटरला पहिल्यांदा पहिल्या दिवसाचा पहिला शो मिळाला. त्याआधी तिथे पोचायची ती चार शहरांत घासून आलेली, ओरखड्यांची प्रिंट. यंत्र बदललं म्हणून चित्र बिघडत नाही, लक्ष द्यायला माणूस नसला की बिघडतं.

देखभालीचं राहिलं. महिन्यातून एकदा फिल्टर साफ करा, आपल्याकडे धूळ फार. मेमध्ये पंख्याचा आवाज वाढतो आणि बंद खोली तापते, त्या दिवसांत आम्ही रात्री दहानंतरच बघतो. आणि वीज. लॅम्प तापलेला असताना वीज गेली तर आतला पंखा थांबतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं. पावसाळ्यात हे हमखास होतं, म्हणून मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलंय.

ज्यांना दिवसा, उजेडात, बातम्या आणि मालिका बघायच्यात त्यांनी मोठा टीव्हीच घ्यावा. ज्यांच्याकडे अंधार करता येईल अशी एक खोली आहे आणि पिक्चर सुरू करण्याआधी दहा मिनिटं पडदे, पट्ट्या, फोकस बघायची हौस आहे, त्यांनी बिनधास्त घ्यावा. पैसे आधी खिडक्यांच्या पडद्यांवर, मग स्पीकरवर आणि उरलेले मशीनवर घाला.