युरिक ॲसिडची पुडी: एका रात्रीत दुखणं जातं कसं?

फसवणूक फोनवरच सुरू होते. "पायाचा अंगठा आहे ना? रात्री नुसती चादर लागली तरी जीव जातो ना?" रिपोर्ट न बघता पुडी विकणारा अचूक बोलतो आणि माणूस तिथेच विरघळतो. खरं तर गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साठून होणाऱ्या दुखण्याचा, झटका बहुतेकांना असाच येतो. पुढचं वाक्यही ठरलेलं: "ती ॲलोप्युरिनॉल आधी बंद करा, किडनी जाईल." ॲलोप्युरिनॉल म्हणजे युरिक ॲसिड उतरवणारी डॉक्टरांची गोळी. मग तीन महिन्यांचा कोर्स, कॅश ऑन डिलिव्हरी.

पार्सलमध्ये बिनलेबलची डबी, आत कागदात बांधलेल्या तपकिरी भुकटीच्या पुड्या. संध्याकाळी एक घेतली की सकाळी माणूस चपला घालून दूध आणायला बाहेर. शंका यायला हवी ती इथेच. तापलेला, लाल झालेला सांधा रातोरात निवतो तो बहुधा स्टेरॉइडने किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकाने. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामकाने) 'आर्ट्री किंग' नावाच्या सांधेदुखीच्या गोळ्यांबद्दल इशारा दिला, तेव्हा लेबलवर नसलेली नेमकी हीच दोन औषधं त्यांत निघाली होती: डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक.

स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे. झटक्यात डॉक्टरही प्रेडनिसोलोन देतात. साधारण ३० मिलीग्राम, पाच दिवस, साखर आणि बीपी बघून. पुडीत किती आहे ते मात्र देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डेक्सामेथासोन अवघं ०.७५ मिलीग्राम म्हणजे प्रेडनिसोलोन ५ मिलीग्रामच्या बरोबरीचं. चिमूटभर इकडेतिकडे झालं तरी डोस दुप्पट. दोन-तीन महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर चढते, हातावर जरा धक्का लागला तरी काळंनिळं पडतं. बीपीच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर डायक्लोफिनॅक किडनीवरच घाव घालतं. किडनीची भीती घालूनच पुडी विकली होती, हे विशेष. आणि एवढं करून युरिक ॲसिड जिथल्या तिथे, सांध्यातले खडेही तसेच.

विक्रेत्याला आयतं गिऱ्हाईक मिळतं ते बऱ्याचदा डॉक्टरांच्याच चिठ्ठीतल्या चुकीमुळे. ॲलोप्युरिनॉल थेट ३०० मिलीग्रामने सुरू केली, सोबत काही दिलं नाही, की साठलेले खडे सुटू लागतात आणि नवा झटका येतो. "बघा, गोळीने वाढलं!" म्हणायला तो टपलेलाच असतो. सुरुवात रोज १०० मिलीग्रामने, किडनी अधू असेल तर ५० किंवा त्याहून कमीने करायची. दर दोन ते पाच आठवड्यांनी तपासून डोस वाढवत युरिक ॲसिड ६ मिलीग्राम/डेसीलिटरच्या खाली आणायचं. पहिले तीन ते सहा महिने सोबत झटका टाळणारं कोल्चिसिन ०.५ मिलीग्राम, दिवसातून एकदा किंवा दोनदा. किडनी कमजोर असेल तर तेही कमी. जुलाब लागले तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकबरोबर कोल्चिसिन नको, ती जोडी जिवावर बेतू शकते. ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर ॲलोप्युरिनॉल लिहिण्याआधी दहादा विचार करावा. भर झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकतं, म्हणून तो उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासावं.

ॲलोप्युरिनॉलचा खरा धोका वेगळाच आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड आले तर गोळी त्याच दिवशी बंद आणि थेट दवाखाना. हे चिठ्ठी देतानाच सांगायला हवं. पण फार कमी जण सांगतात.

पुडी संशयास्पद वाटली आणि तीन आठवड्यांहून जास्त खाल्ली असेल, तर रागाच्या भरात ती एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, झोपलेलं असतं. उलट्या, चक्कर, बीपी कोसळणं असा प्रकार होतो. डॉक्टरांकडे जाऊन सकाळी आठची कॉर्टिसॉल तपासणी करा. मोजून दिलेलं स्टेरॉइड हळूहळू उतरवत नेतात. त्या काळात ऑपरेशन, अपघात, मोठा ताप आला तर "स्टेरॉइड पोटात गेलंय" हे पहिलं सांगायचं.

उरलेल्या पुड्या, पार्सलचं वेष्टन आणि पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार देताना नमुना हाच. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीचा नंबर १९३०, तोही त्याच दिवशी.