पॅड, लॉनचा ट्रे की लिफ्टनं खाली?

अंगण नसलेल्या फ्लॅटमध्ये छोट्या कुत्र्याला शी-शूची सवय लावायला तीन मार्ग आहेत: घरात लघवी शोषणारं पॅड, बाल्कनीत लॉनचा ट्रे किंवा दर वेळी खाली नेणं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच जागेवर न्यायचं, झाल्याबरोबर दोन सेकंदांत खाऊ द्यायचा, चुकलं तर ओरडायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. जागा ठरवताना एक गोष्ट मात्र सहसा सुटते. पिल्लाच्या लक्षात खोलीचा कोपरा जेवढा राहतो, त्याहून जास्त पायाखालचा स्पर्श राहतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ज्या स्पर्शावर त्यानं शू केली, तोच ते पुढे शोधत फिरतं.

आधी खाली नेण्याचं बघू. ही सवय एकदा लागली की तिच्याइतकं स्वच्छ काहीच नाही, घरात वासाचा प्रश्नच उरत नाही. पण सुरुवात इथून करता येत नाही. पिल्लाचं लसीकरण साधारण सहा ते आठ आठवड्यांना सुरू होतं आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत चालतं. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे जिथे भटकी कुत्री फिरतात, त्या रस्त्यावर तोवर पिल्लाला उतरवायचं नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचीही भीती असते, म्हणून लसीत लेप्टो आहे का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

वेळेचंही गणित बसत नाही. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवला की ते साधारण किती तास धरू शकेल याचा ढोबळ अंदाज येतो. म्हणजे दोन महिन्यांचं जास्तीत जास्त तीन तास, तेही शांत पडून असेल तर. पॉमेरेनियन, शिह त्झू, डॅशहंड यांच्या पिल्लांना त्याहून कमीच धरा. झोपेतून उठलेल्या पिल्लाकडे जेमतेम मिनिटभर असतं आणि लिफ्ट नेमकी वरच्या मजल्यावर अडकलेली असते. आमच्या नाशिकात गंगापूर रोड काय किंवा इंदिरानगर काय, बऱ्याच सोसायट्यांत खाली उतरलं की पेव्हर ब्लॉक. माती-गवत गाठायला गेटबाहेर जावं लागतं. तेव्हा पहिले दोन महिने घरात काहीतरी सोय लागतेच, आणि खरी निवड पॅड की ट्रे एवढीच उरते.

पॅड सुरू करायला सगळ्यात सोपं. छोट्या कुत्र्याला ६० बाय ६० सेंटिमीटरचं पुरतं, पण सुरुवातीला दोन जोडून अंथरा. पिल्लाचे पुढचे पाय पॅडवर असले की त्याला आपण जागेवर आहोत असंच वाटतं. मागचा भाग बाहेर असतो आणि शू फरशीवर जाते. पंख्यानं कडा उडतात, म्हणून प्लॅस्टिकची चौकट घ्या. पॅडच्या आत पाणी शोषणाऱ्या जेलचे दाणे असतात. पिल्लानं पॅड फाडून ते गिळले तर थेट डॉक्टरांकडे जायचं. ज्या पिल्लाला फाडायची खोड आहे, त्याच्यासाठी चौकटीवर जाळी हवीच. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून डायपरसारखे वेगळे ठेवा, घंटागाडीत ओल्या कचऱ्यात जायला नकोत. बाल्कनी नसेल, घरात वयस्कर माणसं एकटी असतील, किंवा कडाक्याच्या थंडीत रात्री कुणी उठणार नसेल, तर पॅडला तोड नाही.

आता पॅडची ती अडचण, जिच्यामुळे आमच्या घरी काटा दुसरीकडे झुकला. पॅड पायाला मऊ, कापडासारखं लागतं, आणि आपल्या घरात मऊ कापड कुठे नसतं? बाथरूमसमोरचं पायपुसणं, देवघरासमोरचं आसन, पाहुण्यांसाठी अंथरलेली सतरंजी, घडी घालून ठेवलेली गोधडी, दोरीवरून काढून पलंगाशेजारी टाकलेला कपड्यांचा ढीग. पॅडवर शिकलेलं पिल्लू या सगळ्यांना पॅडच समजतं. त्यात त्याची काही चूक नाही, शिकवलंय तेच ते करतंय. सगळ्यात आधी बळी जातं पायपुसणं, कारण ते पॅडएवढंच असतं, फरशीवर सपाट पडलेलं असतं आणि थोडं ओलसर असतं. ते धुऊन परत टाकलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. साध्या साबणानं लघवीचा वास पुरता निघत नाही. आपल्याला वास येत नसला तरी कुत्र्याला येतो, आणि वास आला की जागा पक्की होते. त्यासाठी एन्झाइमचा, म्हणजे लघवीतले वासाचे घटक तोडणारा, क्लीनर लागतो. तो ओतून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, लगेच पुसून टाकायचा नाही. अमोनियावाला क्लीनर टाळा, त्याचा वास लघवीच्या जवळ जातो. लघवीवर ब्लीच तर कधीच ओतू नका, दोन्ही मिळून घातक वायू तयार होतो. पॅड चालू असेतोवर घरातली सगळी पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवणं हा यावरचा खरा उपाय. ज्या घरात माणसांची ये-जा आहे, तिथे तो किती दिवस निभेल, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

लॉनच्या ट्रेत ही गल्लत होत नाही. गवताचा स्पर्श घरात दुसरीकडे कुठेच नाही, त्यामुळे पिल्लाच्या मनात फरक स्पष्ट राहतो. शिवाय पुढे खाली न्यायचं झालं की तेच गवत ओळखीचं असतं.

दोन फूट बाय दीड फुटाचा, तीन इंच काठाचा प्लॅस्टिक ट्रे घ्या. पिल्लू फारच लहान असेल तर एका बाजूचा काठ कापून उतरता करा. एका कोपऱ्यात भोक पाडून नळी बसवा आणि ती बाल्कनीच्या पाण्याच्या जाळीपर्यंत न्या. त्या कोपऱ्याकडे ट्रेला अर्धा इंच उतार द्या. पाणी खालच्या मजल्याच्या बाल्कनीत ठिबकत नाही ना, हे आधी एक बादली ओतून तपासा. सोसायटीतली भांडणं इथूनच सुरू होतात. आणि ग्रिलमधून पिल्लाचं डोकं बाहेर जात असेल, तर आधी जाळी मारून घ्या.

खरं लॉन की नकली? नर्सरीत खऱ्या लॉनचे मातीसकट तुकडे मिळतात आणि पिल्लू ते पटकन स्वीकारतं. आणल्यावर दोन-तीन दिवस भरपूर पाणी मारून मगच वापरा, त्यावर खत-औषध मारलेलं असू शकतं. लघवीतल्या नायट्रोजननं गवत पिवळं पडतं. प्रत्येक वेळी तांब्याभर पाणी ओतलं तर ते जास्त टिकतं, तरी काही आठवड्यांनी बदलावं लागतंच. गोचिडांवर लक्ष ठेवा. नकली गवत स्वस्त पडतं, पण त्याच्या पाठीचा रबरी थर लघवी धरून ठेवतो. म्हणून भोकं असलेलंच घ्या, आणि एकाच मापाचे दोन तुकडे ठेवा, एक वापरात, एक धुऊन उन्हात. रोज पाण्यानं, आठवड्यातून एकदा एन्झाइमच्या क्लीनरनं. एप्रिल-मेच्या उन्हात नकली गवत पायाला चटका बसेल इतकं तापतं, तेव्हा ट्रे सावलीत सरकवा. पावसाळ्यात झड येणाऱ्या बाजूला ट्रे ठेवला तर भिजलेल्या गवतावर छोटी कुत्री पाय ठेवत नाहीत, आणि निफाडचा पारा उतरला की नाशिकच्या बाल्कनीतही पहाटे ती बाहेर यायला नाखूश असतात. अशा दिवसांत ट्रे दाराच्या आत घेतला तरी चालतं, गवत तेच राहतं.

रोजच्या धुण्याला पाणी आणि वेळ लागतो, हे खरं. ज्यांना तेवढं जमणार नाही, त्यांना पॅडच बरे पडतील. तुमचं पिल्लू पायपुसण्याकडे ढुंकूनही बघत नसेल, तर आमचा सगळा आक्षेपच गळून पडतो. तशीही पिल्लं असतात.

पॅडवर सवय लागली असली तरी ट्रेवर वळवता येतं. वापरलेल्या पॅडचा तळहाताएवढा तुकडा गवताखाली दाबून ठेवा, घरातलं पॅड रोज वीतभर बाल्कनीकडे सरकवा, आणि ते दाराशी पोचलं की उचला. ते सरकवताना चुका वाढल्या तर दोन दिवस आहे तिथेच थांबा. कुत्रा नर असेल तर सहा महिन्यांनंतर केव्हाही पाय वर करू लागेल. तेव्हा वाळू भरलेली दोन लिटरची बाटली ट्रेच्या मधोमध उभी करा, नाहीतर धार काठावरून थेट भिंतीवर जाते.