उद्योजकतेचा इलेक्टिव्ह घेताय? वर्गातला की बाजारातला, ते आधी बघा

मुंबईतल्या कॉलेजांत ‘उद्योजकता’ या एकाच नावाखाली दोन भलतेच वेगळे विषय शिकवले जातात. फॉर्म भरण्याआधी आपल्या वाट्याला कुठला येतोय ते सीनियर्सना विचारून घ्या.

एका प्रकारात कल्पकतेचा सराव वर्गातच होतो. विटेचे जमतील तितके उपयोग लिहा, स्टेपलरमधला एक भाग काढून टाका आणि काय उरतं ते बघा, वगैरे. पोरखेळ वाटतो, पण वाया जात नाही. स्कॉट, लेरिट्झ आणि ममफर्ड या संशोधकांनी 2004 मध्ये कल्पकतेच्या प्रशिक्षणावरचे 70 अभ्यास एकत्र तपासले. प्रशिक्षणाने फरक पडतो, आणि सराव प्रत्यक्ष कामाच्या जवळचा असेल तर जास्त पडतो, असं त्यांना आढळलं.

गडबड होते ती ब्रेनस्टॉर्मिंगमध्ये, म्हणजे गटाने एकत्र बसून कल्पना सुचवण्यात. टीका करायची नाही, सुचेल ते बोलायचं, हे त्याचे नियम, अमेरिकेतले जाहिरात व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी घालून दिलेले. पण 1958 मध्ये येल विद्यापीठात पडताळून पाहिलं, तर एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसून लिहिणाऱ्या चौघांच्या कल्पना एकूण जास्त भरल्या. एक बोलतो तेव्हा बाकीचे ताटकळतात आणि तोवर स्वतःचं विसरतात, हे त्याचं एक कारण. म्हणून सर आधी एकेकट्याने लिहायला लावतात का, हे जरूर विचारा. नाहीतर ग्रुपमधला जो बोलका, त्याचंच खरं.

दुसरा प्रकार अमेरिकी उद्योजक स्टीव्ह ब्लँक यांनी 2011 मध्ये स्टॅनफर्डला सुरू केलेल्या कोर्सच्या वळणाचा. जाडजूड बिझनेस प्लॅन बाजूला ठेवायचा आणि ग्राहक गाठायचे. आमच्याकडची मुलं घरपोच फुलांच्या अ‍ॅपची कल्पना घेऊन दादरच्या फूलबाजारात गेली. गजरे ओवता ओवता मावशी म्हणाल्या, “अ‍ॅप कशाला, गिऱ्हाईक फोन करतंच की. दुपारनंतर उरलेला झेंडू कोण घेणार, ते सांग.” पुढचे दोन महिने मुलं त्या झेंडूच्या मागे होती. वर्गात बसून हा प्रश्न कुणालाच सुचला नसता. (मार्केटिंगच्या सरांनाही.)

हा प्रकार महाग मात्र पडतो. पैशांनी कमी, वेळाने जास्त. डोंबिवलीहून येऊन पार्ट-टाइम नोकरी करणाऱ्याला शनिवार-रविवार बाजारात घालवणं परवडत नाही, तेव्हा त्याने वर्गातला घेतला तर त्यात कमीपणा नाही. आणि नुसत्या मुलाखतींनी वही भरते, उपाय आपोआप सुचत नाहीत. त्यासाठी वर्गातली तंत्रं लागतातच.

तरी वेळ काढता येत असेल, तर माझं मत बाजारातल्याच्या बाजूने.

दोन्हींसाठी एक चाळणी: गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका मिळवा. ‘कल्पकतेची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये लिहा, 10 गुण’ असा प्रश्न दिसला, तर सरळ दुसरा इलेक्टिव्ह बघा.