मंगळदास मार्केट: आलियाचा घागरा घरी शिवायचा असेल तर

आधीच सांगते, मुंबईतल्या मंगळदास मार्केटला, म्हणजे कापडबाजाराला, मी पाचपैकी चार देतेय आणि कापलेला एक गुण तुकड्यांचा आहे. अस्तर, बेसचं कापड, कॅनकॅन (घागरा फुगवणारी जाळी), रंगांची रेंज यात हा बाजार पहिला. पण ज्या घागऱ्यासाठी मी गेले होते त्याचा जीव ज्यात आहे, ते तिथे मिळत नाही. कुठेच मिळत नाही म्हणा.

काम असं होतं. भाचीचं लग्न ठरलं आणि मेहंदीला तिला ‘आलियासारखा’ घागरा हवा होता. कुठला, ते विचारावं लागलं नाही. एप्रिल 2022 मध्ये आलिया भट्टच्या मेहंदीचे फोटो आले तेव्हापासून माझ्याकडे डोंबिवलीत ब्लाउज शिवायला येणाऱ्या निम्म्या मुलींच्या मोबाइलमध्ये तो आहे. डिझायनर मनीष मल्होत्राचा, गुलाबी, तुकड्यातुकड्यांचा. बनारसी, बांधणी, जॅकार्ड, रॉ सिल्क असे सुमारे 180 तुकडे, वर मिजवानच्या, म्हणजे शायर कैफी आझमींच्या गावच्या बायकांनी केलेलं भरतकाम, आणि सगळं मिळून 3000 तास, असं तेव्हा मल्होत्राकडूनच सांगितलं गेलं होतं. दिवसाला आठ तास मशीनवर बसले तरी माझं वर्ष उलटून जाईल. आलियाने तो 2024 च्या दिवाळीत पुन्हा घातला तेव्हा मला बरं वाटलं. एवढ्या टाक्यांचं काम एका संध्याकाळपुरतं असू नये.

तर मंगळदास. फास्ट लोकलने सीएसएमटी, तिथून क्रॉफर्ड मार्केटवरून चालत. सगळा बाजार छपराखाली आहे, गल्ल्या अरुंद, दुकानं गादीवर बसून माल बघायची. चपला काढून टेकता येतं, माझ्या गुडघ्यांना ते सोयीचं. पहिल्याच गल्लीत हाक आली, “दीदी, आलियावाला दिखाऊं?” आणि ठाण उलगडलं. जॉर्जेटवर डिजिटल प्रिंट! बांधणीचं चित्र, ब्रोकेडचं चित्र, मधल्या शिवणीचंसुद्धा चित्र. भाचीने हात लावून पाहिला आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं. पोरगी माझ्या वळणावर गेलीय.

खरे तुकडेही विकायला असतात. ब्रोकेडचे कटपीस, लहानमोठे, ढिगाने. घेऊ नका. ते सगळे नवे असतात, सारखेच चकाकतात, आणि शेजारीशेजारी लावले की बँडवाल्यांच्या कोटासारखे दिसतात. आलियाच्या घागऱ्यात नजर फिरत राहते, कारण एक तुकडा चमकतो तर दुसरा गप्प बसतो. हे गप्प बसणारं कापड दुकानात मिळत नाही, ते घरच्या ट्रंकेत असतं. माझ्या आईची इरकल, आजीची निऱ्यांपाशी विरलेली पैठणी, काकूची नारायणपेठ, ताईची डाग पडलेली बांधणी, एक खण. ताईचा शालू मात्र मिळाला नाही. “मी जिवंत आहे तोवर त्याला कात्री लागणार नाही,” असं तिने मुलीच्या तोंडावर सांगितलं. मी आग्रह केला नाही.

मंगळदासमध्ये घ्यायचं ते खालचं. बेसला मी पांढरं केंब्रिक घेतलं, पन्हा, म्हणजे रुंदी, 44 इंच. माप सांगते, कुणाला उपयोगी पडेल. कंबर 30, उंची 40, बारा कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद पट्ट्या. प्रत्येक कळी वर अडीच इंच, खाली सोळा, म्हणजे घेर 192 इंच. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच शिवणीची माया धरली की कळी वर साडेतीन, खाली सतरा होते. कळ्या उलटसुलट लावल्या तर 44 च्या पन्ह्यात चार बसतात, आणि साडेतीन मीटरमध्ये बाराही निघतात. दुकानदार पाच मीटरच्या खाली यायला तयार नव्हता. मी त्याच्याच बिलाच्या पाठीवर कळ्या काढून दाखवल्या, तेव्हा हसून साडेतीन कापलं आणि वर मीटरमागे पाच रुपये सोडले. कापडाचा हिशोब येणाऱ्या गिऱ्हाइकाला हा बाजार मान देतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

केंब्रिक आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा, नाहीतर ते पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं रेशीम फुगे धरतं. प्रत्येक कळीवर आठ ओळी आखल्या आणि वरून खाली एकेक तुकडा सुलट बाजू आत ठेवून शिवत, उलटवत, दाबत गेले. एकूण 96 तुकडे, आलियाच्या निम्म्याहून थोडे जास्त. विरलेल्या रेशमाला मागून पातळ फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं कापड, लावलं, तेही मंगळदासमधलंच. घेताना बोटांत चुरून पाहा. कडक वाजलं तर तंबूच्या कापडासाठी ठेवा. इस्त्री मध्यम, मध्ये मलमल, आणि जरीवर इस्त्री सरकवायची नाही, फक्त ठेवायची आणि उचलायची. जुनी साडी घडीवर चिरते, म्हणून घडीची रेघ प्रत्येक तुकड्याबाहेर टाकली. बांधणी ताणली जाते, तिला फ्युजिंग लावल्याशिवाय कात्री लावूच नका. सुई रेशमाला 11 नंबरची, आणि जिथे काठावर काठ आला तिथे 14.

अस्तराला क्रेप घेतलं, तेही साडेतीन मीटर. रंग जुळवायला दुकानदाराने न कंटाळता गुलाबीच्या पंधरावीस छटा काढल्या. दारापाशी उजेडात नेऊन पाहा म्हणून स्वतःच सांगितलं, कारण आतल्या ट्यूबलाइटमध्ये राणी रंग जांभळट दिसतो. अशा माणसांसाठी मी डोंबिवलीहून एवढी जाते. सगळे तसे नसतात. कॅनकॅनच्या एका दुकानात मऊ जाळी दाखवून पिशवीत दुसरीच, टोचणारी भरली, आणि कापलेला माल परत घेत नाही म्हणाले. कापलेलं परत न घेणं ठीक आहे, पण मग कापताना समोर उभं राहा आणि पिशवीत जाईपर्यंत नजर हलवू नका.

लेस, लटकन, टिकल्या यांसाठी भुलेश्वर गाठा, चालत जाता येतं. मूळ ब्लाउजवर खऱ्या सोन्याचांदीची नक्षी आणि जुन्या सोनेरी टिकल्यांचं काम आहे. मी त्या वाटेला गेले नाही. प्लॅस्टिकच्या टिकल्या इस्त्रीत वितळतात, धातूच्या अंगाला लागतात, आणि आमच्या बजेटात सोनं नव्हतं. ब्लाउज सरळ खणाचा शिवला, काठ बाह्यांना घेतले. भाचीच्या एका मैत्रिणीने विचारलं, “मावशी, आलियाचा असा नव्हता ना?” नव्हता. त्या ब्लाउजमुळे खालचा घागरा उठून दिसला, आणि मला विचाराल तर आलियाच्या मूळ पोशाखात वरखाली दोन्हीकडे जरा गर्दीच आहे.

कापड, अस्तर, फ्युजिंग, जाळी, लेस धरून साडेतीन हजारांच्या आत सगळं बसलं. शिलाई भाचीकडून घेतली नाही. त्यानंतर ज्या मुली असाच घागरा हवा म्हणून विचारायला आल्या त्यांना मी शिलाई सांगितली की त्या ‘घरी विचारून कळवते’ म्हणतात. ते प्रिंटवालं जॉर्जेट का चालतं, तेही त्यातून कळतं.

जाणार असाल तर सकाळी दुकानं उघडताच जा, रविवारी बाजार बंद असतो. कळीचा कागदी कटिंग आणि घरच्या तुकड्यांतले दोनतीन बरोबर न्या, रंग आठवणीने जुळत नाही. आणि कटपीसच्या ढिगाजवळ थांबूच नका, मी तिथून दोन घेतलेच आहेत.