मिडी फाइल: फॉरमॅट ० की फॉरमॅट १?

मिडी फाइल म्हणजे कुठला सूर कधी, कसा वाजवायचा याच्या सूचनांची फाइल; त्यात आवाज नसतो. फॉरमॅट ० मध्ये सगळी वाद्यं एकाच ट्रॅकवर, म्हणजे सूचनांच्या एकाच रांगेत कोंबलेली. वेगळेपण उरतं ते १६ चॅनलांपुरतं, म्हणजे सूचना कुठल्या वाद्यासाठी हे दाखवणाऱ्या क्रमांकांपुरतं. काही जुन्या कीबोर्डांना हेच पचतं, कारण एकच ट्रॅक सरळ वाचत जायचा.

फॉरमॅट १ मध्ये बासरी, बेस, ड्रम्स आपापल्या ट्रॅकवर, टेम्पोची नोंद पहिल्या ट्रॅकमध्ये. एडिटिंगला मी डोळे झाकून हाच घेतो. पियानोचा डावा-उजवा हात एकाच चॅनलवर असला तरी दोन ट्रॅकवर ठेवता येतो. तीच फाइल ० मध्ये सेव्ह केलीत की ही फोड गेलीच. चॅनलनुसार ट्रॅक पुन्हा सुटे करता येतात, पण ते दोन हात एकमेकांत मिसळलेलेच राहतात! कीबोर्डासाठी ० ची प्रत जरूर काढा, मूळ फाइल मात्र १ मध्येच असू द्या.