अकरा महिने, एक स्टेशन, तीन फॉरमॅट: माझा अनुभव

माझे दिवसाचे सहा-सात तास शिवणयंत्रावर जातात. डोळे सुईवर, हात कापडावर, मोकळे राहतात ते कान. म्हणून अकरा महिन्यांपूर्वी आमच्या भागातलं पॉप गाण्यांचं एफएम स्टेशन लावलं आणि तेव्हापासून तेच ऐकते आहे. एवढ्या काळात त्याने दोनदा कात टाकली, म्हणजे फॉरमॅट (गाणी आणि निवेदनाची ठरलेली पद्धत) बदलला.

सुरुवातीला तिथे फक्त सध्याची हिट गाणी लागायची. या ‘टॉप फॉर्टी’ पद्धतीची मुळं १९५०च्या दशकात आहेत. अमेरिकेतल्या ओमाहामध्ये केओडब्ल्यूएच केंद्र चालवणाऱ्या टॉड स्टॉर्झ यांनी हेरलं होतं, की ज्यूकबॉक्समध्ये नाणी टाकून लोक तीच मोजकी गाणी परत परत लावतात. मग रेडिओवरही तसंच का नको? वीस-पंचवीस मिनिटं गाडीत बसणाऱ्याला हे सोयीचं आहे, कारण तेवढ्यात त्याच्या आवडीचं एखादं गाणं लागतंच. माझ्यासारखीने दिवसभर ऐकलं तर मात्र तेच गाणं तीन-चारदा कानावर पडतं.

तरी मला त्याचा कंटाळा आला नाही, आणि त्याचं कारण मला दुसऱ्या फॉरमॅटमध्ये कळलं. समजा सर्वांत जास्त वाजणारी पाच गाणी आहेत आणि तासाला त्यातली दोन लावायची. मग प्रत्येक गाणं अडीच तासांनी परत येतं. चोवीसला अडीचने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे आज सकाळी ७.४०ला लागलेलं गाणं उद्या ६.१०ला किंवा ८.४०ला येतं, ७.४०ला नाही. पण सहा गाणी घेऊन तासाला तीन लावली, तर फेरा बरोबर दोन तासांचा होतो आणि रोज ७.४०ला तेच गाणं! गाण्यांची यादी लावणाऱ्याने हे गणित सांभाळलं, तर ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पाचव्या महिन्यानंतर दुसरा फॉरमॅट आला, तेव्हा ते कोणी सांभाळत नव्हतं. मी कापडावरच्या खडूनेच वेळा टिपून ठेवल्या. सलग चार दिवस कॉलर लावायला घेतली, की तेच गाणं.

पहिला बदल झाला त्या दिवशी स्टेशनवर सकाळपासून रात्रीपर्यंत एकच गाणं वाजत होतं. मला वाटलं यंत्र अडकलं. फॉरमॅट बदलताना मुद्दाम असं काहीतरी करतात, म्हणजे लोकांत चर्चा होते. दुसऱ्या दिवसापासून ‘जास्त गाणी, कमी बडबड’ सुरू झालं आणि सकाळची निवेदिका गायब झाली. निरोपाचे दोन शब्दसुद्धा तिला बोलू दिले नाहीत, याचा मला अजून राग आहे.

तिचं काम किती बारीक होतं! गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यांवर ती बोलायची आणि गायकाचा पहिला शब्द यायच्या क्षणभर आधी थांबायची. पुढे किती सेकंद आहेत हे तिला पाठ असायचं. कधी आठ सेकंद, कधी चौदा. एकदाही शब्दावर शब्द चढला नाही. तिच्या जागी आलेला आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता. एका दुपारी त्याने ‘आत्ताच ऐकलंत’ म्हणून ज्या गाण्याचं नाव घेतलं, ते वाजलंच नव्हतं. मी कात्री खाली ठेवून रेडिओकडे बघत राहिले.

आवाजाबद्दलही सांगायला हवं. हळू भाग वर उचलायचा आणि मोठा भाग दाबायचा, ही एफएमची जुनी रीत आहे. त्यासाठीचं ऑप्टिमॉड हे प्रसिद्ध यंत्र १९७५ सालचं. शिवणयंत्राच्या खडखडाटात मला त्याचा फायदाच होतो, एकही ओळ हरवत नाही. पण रात्री हेडफोन लावून ऐकलं की तासाभरात कान शिणतात. खरखर येत असेल तर रेडिओ मोनोवर, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज येईल असा, टाकून बघा. सिग्नल कमजोर असला की स्टिरिओत खरखर जास्त येते, मोनोत बराच फरक पडतो.

आता दोन महिने तिसरा फॉरमॅट चालू आहे. गेल्या तीसेक वर्षांतली मिळून-मिसळून गाणी, आणि सकाळी तीन तास पुन्हा थेट निवेदन. यादी खूप मोठी झाली आहे. दिवसभरात एकही गाणं दोनदा ऐकलं नाही. नवीन गाणी मात्र फार कमी, आणि ती हवी असतील तर हे स्टेशन लावू नका. निवेदक तरुण आहे, अजून अडखळतो, गायकाच्या शब्दावर बोलून जातो. पण परवा एका बाईंनी फोनवर अर्धवट गुणगुणलेली चाल त्याने ओळखली आणि लगेच ते गाणं शोधून लावलं. माझा पाय शिवणयंत्राच्या पायडलवरच थांबला होता.

सकाळचे तीन तास मी मन लावून ऐकते. त्यानंतर आवाज बारीक करते. जुन्या निवेदिकेला परत आणा, असा निरोप दर आठवड्याला पाठवते आहे.